टाळेबंदीतलं घरभाडं : माफ झालं होतं की नुसतं लांबलं होतं?

पिंपळपान (धागाकर्ता)

‘कोविडमध्ये सरकारने घरभाडं माफ केलं होतं’ असं छातीठोकपणे सांगणारे अजूनही भेटतात. त्यातले बहुतेक स्वतःच्या घरात राहणारे असतात, हा माझा अनुभव. ज्यांनी तेव्हा भाडं भरलं, किंवा भरता आलं नाही, त्यांना माहीत आहे की माफ वगैरे काही झालं नव्हतं. मग नेमकं झालं काय होतं, हे बघायला त्या वेळचे आदेश काढून वाचले आणि चक्रावलो. म्हणून हा धागा.

२५ मार्च २०२०ला देशभर टाळेबंदी लागली. २९ मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला : मजूर जिथे भाड्याने राहतात तिथल्या घरमालकांनी एक महिना भाडं मागू नये, आणि मजुरांना किंवा विद्यार्थ्यांना जागा खाली करायला लावली तर कारवाई होईल. महिना एकच. आणि शब्द बघा, भाडं ‘मागू नये’. देणं संपलं असं त्यात कुठेही नाही. गावाकडे चालत निघालेल्यांना आहे तिथे थांबवणं हा त्या आदेशाचा खरा हेतू होता, हे बाकीचा मजकूर वाचल्यावर कळतंच. पुढे १७ मेला टाळेबंदी वाढवताना या कायद्याच्या ज्या कलमाखाली हा आदेश निघाला होता त्या कलमाखालचे आधीचे आदेश १८ मेपासून संपवले गेले, त्यात हाही गेला.

महाराष्ट्रात १७ एप्रिलला गृहनिर्माण विभागाने सांगितलं की घरमालकांनी भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि भाडं थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नये. लोकांच्या डोक्यात यातलं ‘तीन महिने भाडं नाही’ एवढंच राहिलं. जुलैमध्ये चार महिन्यांचं एकदम कुठून आणायचं, याबद्दल त्यात काही नव्हतं.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चलाच कर्जाच्या हप्त्यांना तीन महिने स्थगिती जाहीर केली, मग ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. व्याज चढत होतं, फुकट काही नव्हतं, मान्य. पण हप्ता चुकला म्हणून कर्जदाराच्या नावावर डाग लागला नाही, आणि व्याजावरचं व्याज पुढे दोन कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी केंद्र सरकारने स्वतः भरलं. ऑगस्टअखेरीस राज्याने घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क शहरांत ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं, डिसेंबरपर्यंत. घर विकत घेणाऱ्याला रोख सवलत, आधीच घेतलेल्याला हप्त्यांत मुभा, आणि भाड्याने राहणाऱ्यासाठी तिसऱ्याच माणसाला केलेली विनंती!

२०११च्या जनगणनेत शहरांतली साधारण २७ टक्के कुटुंबं भाड्याच्या घरात होती. एवढ्या लोकांसाठी वेगळं काही करता आलं असतं का? कसं? अनुभवही लिहा, पण घरमालकाचं किंवा सोसायटीचं नाव नको.

---

टवाळ

करता आलं असतं का काय विचारता? केलं की! सरकारचा खर्च शून्य, घरमालकाचा खर्च तीन महिन्यांचा, आणि दानशूर म्हणून फोटो सरकारचा.

---

मंदाकिनी_द

टवाळ, हसू आलं पण खरं बोललात. मी त्या ‘घरमालक’ नावाच्या खलनायकांपैकी एक. यजमान गेल्यावर हाती दोन खोल्यांचा एक फ्लॅट आणि थोड्या मुदत ठेवी. फ्लॅट भाड्याने दिलेला, मी धाकट्या भावाकडे राहते. ते भाडं हाच माझा पगार.

भाडेकरू चांगला मुलगा होता. हॉटेलात काम करायचा, हॉटेल बंद पडलं. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, ‘काकू, सरकारने सांगितलंय.’ मी म्हटलं, बरं. पण सोसायटीला कुणी काही सांगितलं नव्हतं. मेंटेनन्सचं बिल नेहमीसारखं आलं, उशीर झाला तर त्यावर व्याजही लागलं. महापालिकेचा मालमत्ता कर सुटला नाही. माझ्यावर कर्ज नव्हतं, त्यामुळे हप्त्याची स्थगिती माझ्या उपयोगाची नव्हती. त्याच सुमारास मुदत ठेवींचे दरही खाली आले. भाडं डिपॉझिटमधून वळतं करत गेलो, डिपॉझिट संपलं, आणि तो एक दिवस सामान घेऊन गावी गेला. लाजून गेला बिचारा, सांगायलाही आला नाही.

मला त्याचा राग नाही. राग याचा की मदत त्याला करायची होती तर माझ्या पर्समधून का? पिंपळपान, तुम्ही कर्जदाराशी तुलना केलीत. बँकेला सांगितलं ‘थांब’, तर बँकेच्या मागे रिझर्व्ह बँक उभी होती. मला सांगितलं ‘थांब’, माझ्या मागे कोण होतं?

---

शमिका

मंदाकिनीताई, तुमच्यासारख्यांबद्दल सहानुभूती आहेच. पण सगळे घरमालक एका फ्लॅटवाले नसतात. आमच्या इमारतीत एकाच माणसाचे सहा फ्लॅट होते, सहाही भाड्याने. त्याने एप्रिलच्या १ तारखेला सगळ्यांना व्हॉट्सॲपवर एकच निरोप पाठवला : भाडं नेहमीच्या तारखेला, नाहीतर डिपॉझिटमधून कापून घेऊन नोटीस. राज्याचं परिपत्रक दाखवल्यावर म्हणाला, ‘ते सल्ला आहे, आदेश नाही.’ आणि दुर्दैवाने माणूस कायद्याने फारसा चुकत नव्हता. कायद्याचं माहीत असलेल्यांनी सांगावं.

---

कायदेकानू

सांगतो. थोडं रुक्ष होईल.

केंद्राचा २९ मार्चचा आदेश बंधनकारक होता. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५१ खाली आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण तो मजुरांपुरता होता, आणि बाहेर काढण्याच्या बाबतीत विद्यार्थ्यांपुरता. कंपनीत नोकरी गेलेला माणूस त्यात बसतो का, याचं उत्तर आदेशात नाही. राज्याचं परिपत्रक सर्वांसाठी होतं, पण त्याची भाषा सूचनेची. मोडलं तर काय, हे लिहिलेलं नव्हतं. व्यापक होता तो कागद मऊ, आणि कडक होता तो अरुंद.

‘महामारी ही दैवी आपत्ती, म्हणून भाडं लागत नाही’ हा मुद्दाही न्यायालयात गेला. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२०मध्ये सांगितलं की करारात तसं कलम असेल तर बघू. नसेल आणि जागा तुमच्याच ताब्यात असेल, तर धंदा बंद होता एवढ्यावर भाडं थांबत नाही. भरायला थोडी मुदत मात्र दिली. करार कायद्याचं अशक्यतेबद्दलचं कलम ५६ भाडेपट्ट्याला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८मध्येच सांगून ठेवलंय.

मुंबई उच्च न्यायालयाचंही सांगायला हवं, कारण भाडेकरूंना खरं संरक्षण कुठे मिळालं असेल तर तिथे. मार्च २०२०च्या शेवटी न्यायालयाने स्वतःहून आदेश दिला की घर खाली करण्याचे, पाडकामाचे, ताबा काढून घेण्याचे जे हुकूम आधी झालेत त्यांची अंमलबजावणी तूर्त थांबवावी. हा आदेश पुन्हा पुन्हा वाढवला गेला. पण याचा फायदा कुणाला? ज्याचं प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचलंय त्याला. म्हणजे मुख्यतः जुने पागडीवाले, आणि मुदत संपूनही न हललेले लिव्ह अँड लायसन्सवाले. ज्याला मालकाने फोनवर ‘रविवारपर्यंत खोली मोकळी कर’ म्हटलं, त्याच्याबाबतीत थांबवायला हुकूमच नव्हता.

---

खोली_नंबर_९

त्या फोनवाल्यांपैकी मी. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो, स्पर्धा परीक्षेसाठी. एका खोलीत चौघं. करार नाही, पावती नाही, महिन्याच्या सुरुवातीला रोख द्यायचे. मार्चमध्ये मेस बंद झाली, अभ्यासिका बंद झाली, आम्ही मिळेल त्या गाडीने परभणीला आलो. पुस्तकं, गादी, कपडे सगळं खोलीत.

आमचा प्रश्न वेगळाच होता. राज्यसेवा पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२०ला होती. ती पुढे गेली, पुन्हा गेली. ऑक्टोबरची तारीख आली, तीही गेली. १४ मार्च २०२१ची ऐनवेळी रद्द झाली तेव्हा पोरं शास्त्री रस्त्यावर उतरली, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. अखेर २१ मार्चला झाली. म्हणजे जवळपास वर्षभर ‘परीक्षा पुढच्या महिन्यात’ होती. खोली सोडली तर ऐन परीक्षेच्या तोंडावर नवीन कुठे शोधणार? धरून ठेवली तर न राहता भाडं. वडिलांनी सोयाबीनच्या पैशांतून भरलं काही महिने. मग मालक म्हणाला, सामान पोत्यात भरून जिन्याखाली ठेवलंय, थकलेलं दे आणि घेऊन जा.

विद्यार्थ्यांना काढू नये असा आदेश होता हे मला या धाग्यावर कळतंय. कळलं असतं तरी करार नसताना मी विद्यार्थी म्हणून तिथे राहतो हे दाखवणार कशावर? आधारवर पत्ता परभणीचा.

---

सिस्टर_वहिदा

मी परिचारिका आहे. आमच्यावर तेव्हा फुलं उधळली गेली, थाळ्या वाजल्या. त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी सांगितलं, ड्युटी संपेपर्यंत तू हॉस्पिटलातच राहा, घरात लहान मुलं आहेत. त्यांची भीती मला कळत होती. सगळेच घाबरलेले होते. पण भाडं मात्र माझ्याकडून पूर्ण घेतलं.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती इथे कुणी मांडलेली नाही. दिल्लीत ‘एम्स’च्या निवासी डॉक्टरांनी २४ मार्चला गृहमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं की घरमालक आम्हाला काढतायत. दिल्ली सरकारने त्याच दिवशी आदेश काढला. पुढे २२ एप्रिलला केंद्राने १८९७च्या साथरोग कायद्यात वटहुकुमाने बदल केला. त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेच्या व्याख्येत राहण्याच्या आणि कामाच्या ठिकाणी होणारा छळही धरला. शिक्षा तीन महिने ते पाच वर्षं, दंड ५० हजार ते २ लाख. एका महिन्याच्या आत!

म्हणजे करायचं ठरवलं की होतं. आम्हा लोकांची तेव्हा सरकारला गरज होती, म्हणून झालं. आमच्याच वॉर्डात झाडलोट करणाऱ्या कंत्राटी मावशींना हा कायदा लागू होता की नाही हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही, आणि त्या दोन बसस्टॉप अलीकडे उतरून, गणवेश पिशवीत लपवून घरी जायच्या.

---

टवाळ

सिस्टर, तुमचा प्रतिसाद वाचून टवाळकी सुचेना. पूर्ण सहमत.

---

र्‍हाइनकाठी

जर्मनीत राहतो, इथे निम्म्याहून जास्त लोक भाड्यानेच राहतात. त्यामुळे भाडेकरूंना दुखावणं कुठल्याच पक्षाला परवडत नाही. तुलना म्हणून लिहितो.

इथेही भाडं माफ झालं नाही. कायदा असा होता की एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांचं भाडं कोविडमुळे थकलं, तर तेवढ्या कारणावरून मालकाला करार संपवता येणार नाही. थकबाकी फेडायला ३० जून २०२२पर्यंत मुदत. व्याज लागू, आणि कोविडमुळेच थकलं हे भाडेकरूने पटवून द्यायचं. या तरतुदीचा फायदा घेऊन एका नामांकित बूट कंपनीने दुकानांचं भाडं थांबवतो म्हटलं, त्यावर इतका ओरडा झाला की माफी मागून भाडं भरावं लागलं.

पण ही झाली फक्त संरक्षणाची बाजू. मुख्य मदत दुसरीकडून आली. काम कमी झालेल्यांना गेलेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मुलं असतील तर ६७ टक्के सरकारी विम्यातून मिळत होते. आणि जे सरकारच्या मूलभूत निर्वाह भत्त्यावर गेले त्यांचं घर ‘गरजेपेक्षा महाग’ आहे का ही तपासणी सुरुवातीच्या सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवून पूर्ण भाडं धरलं गेलं. म्हणजे भाडेकरूच्या हातात पैसे आले आणि त्याने ते मालकाला दिले. मंदाकिनीताईंची तक्रार इथे उद्भवली नसती.

---

जर्सीवाला

अमेरिकेचं उलटं झालं. बाहेर काढायला बंदी आधी आली, पैसे नंतर, आणि पैसे वाटताना सगळं अडलं. मार्च २०२०च्या मदत कायद्यात काही ठरावीक घरांपुरती १२० दिवसांची बंदी होती. मग ४ सप्टेंबरपासून रोगनियंत्रण संस्थेने, म्हणजे सीडीसीने, साथीच्या नावाखाली देशभर बंदी घातली : लोक बेघर झाले की नातलगांकडे दाटीवाटीने राहतील आणि रोग पसरेल. ती वाढत वाढत ऑगस्ट २०२१पर्यंत गेली आणि २६ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. हा अधिकार तुम्हाला संसदेने दिलेला नाही, असं म्हणून.

दरम्यान भाड्यासाठी ४६ अब्ज डॉलरांहून जास्त रक्कम दोन टप्प्यांत मंजूर झाली होती. जुलै २०२१ संपेपर्यंत त्यातले जेमतेम ५ अब्जांच्या आसपास वाटले गेले होते. कारणं ऐकून आपल्या तलाठी कार्यालयाची आठवण यावी. भाडेकराराची प्रत आणा, उत्पन्नाचा दाखला आणा, मालकाची सही आणा. काही मालक सहीच करेनात. दुसऱ्याच्या नावावरच्या घरात एक खोली घेऊन राहणाऱ्याकडे यातलं काहीच नसायचं. खोली_नंबर_९, तुमचे भाऊबंद इथेही आहेत.

---

पिंपळपान

छान माहिती येतेय. जर्सीवाला आणि खोली_नंबर_९ यांचं वाचून वाटतं, प्रश्न पैशांच्या आधी यादीचा आहे. एप्रिल २०२१मध्ये दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांच्या वेळी महाराष्ट्र सरकारने ५,४०० कोटींहून मोठं पॅकेज दिलं, आठवतंय? नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरकामगार, परवानाधारक रिक्षावाले, अधिकृत फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये. प्रत्येक नावाआधी ‘नोंदणीकृत’, ‘परवानाधारक’ किंवा ‘अधिकृत’ आहे. ज्यांची यादी होती त्यांना मिळालं. भाडेकरू अशी यादीच कुणाकडे नाही.

---

शमिका

नाही कशी? महाराष्ट्रात आहे! लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, आता तर घरबसल्या ऑनलाइन होते. नोंदणी विभागाकडे प्रत्येक कराराची नोंद आहे. दोघांची नावं, आधार, जागेचा पत्ता, भाडं किती, डिपॉझिट किती, करार कधी संपतो. अनेक देशांत अशी नोंद नसेल.

आणि ती पुरत नसेल तर पोलिसांकडे बघा. भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली नाही म्हणून घरमालकांवर गुन्हे दाखल होतात. फोटो, मूळ गाव, कुठे काम करतो, सगळं त्या फॉर्मवर असतं. भाडेकरू संशयित म्हणून सरकारच्या नोंदीत आहे, गरजू म्हणून नाही.

---

कायदेकानू

शमिका, शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. शेवटचंही मान्यच, पण माझ्या तोंडी शोभणार नाही.

अडचण एवढीच की ज्याचा करार नोंदवलेला आहे तो त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतला. नोंदणी शुल्क, मुद्रांक, एजंटची दलाली, दोन-चार महिन्यांचं डिपॉझिट परवडणारा. ज्याला सर्वांत आधी मदत हवी तो त्या यादीत नाही. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर टाकतं. नसेल तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आजवर किती मालक यासाठी आत गेले असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

---

तांदूळडाळ

मी त्या दोन महिन्यांत गोवंडी-मानखुर्द भागात शिधा वाटणाऱ्या एका गटाबरोबर होतो. तुमची सगळी चर्चा एक मालक आणि एक भाडेकरू असं धरून चाललीय. तिथे जा आणि विचारा, मालक कोण?

झोपडी एकाच्या नावावर, तो कधीच दुसरीकडे राहायला गेलेला. त्याने खाली एकाला दिली. त्याने पोटमाळा काढून वर जरीकाम करणाऱ्या पोरांना दिला. आठ-दहा पोरं, त्यातली काही रात्रपाळीची, म्हणजे झोपायची जागा आळीपाळीने. भाडं गोळा करतो तो त्यांचाच ठेकेदार आणि पगारातून कापतो. काम थांबलं तसा पगार थांबला, ठेकेदार गावी गेला, आणि खालचा माणूस वर येऊन भाडं मागायला लागला. त्याचं तरी काय चुकलं, त्याला मूळ मालकाला द्यायचे होते. ‘घरमालकाने भाडं मागू नये’ हा आदेश या साखळीत नेमका कुणी पाळायचा?

शिधापत्रिका गावची. मे महिन्यात बिगरकार्डधारकांसाठी दोन महिने माणशी पाच किलो धान्य जाहीर झालं, ते काही जणांना मिळालं, तोवर बरेच जण गेले होते. लोक म्हणतात मजूर भुकेमुळे गेले. माझ्यासमोर जे गेले त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरात आम्ही दिलेला तांदूळ होता. भाड्याचा आकडा वाढत होता आणि तो थांबवण्याचा एकच मार्ग होता, खोली सोडणं. एक महिना भाडं मागू नका म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोक्यात पुढचा हिशेब होता : दुसऱ्या महिन्यात दोन महिन्यांचं मागणार.

---

पिंपळपान

हा प्रतिसाद मूळ धाग्यात हवा होता.

---

विठ्ठलवाडीचा_बंड्या

अवांतर नाही, जवळचंच. आमची इमारत पुनर्विकासाला गेलेली. बिल्डर महिन्याला भाडं देणार आणि आम्ही दुसरीकडे भाड्याने राहणार, हा करार. टाळेबंदीत बांधकाम थांबलं आणि बिल्डरचे चेकही थांबले. कागदोपत्री आम्ही मालक, प्रत्यक्षात भाडेकरू. हप्त्याच्या स्थगितीत आम्ही नाही, कारण कर्ज नाही. मजूर नाही, विद्यार्थी नाही. ज्या घरात राहत होतो त्याच्या मालकाला आम्ही सांगायचो की आमचा बिल्डर देत नाही. तो म्हणायचा, तुमचा बिल्डर माझा कोण लागतो? बरोबरच आहे त्याचं. मुंबई-ठाण्यात अशी कुटुंबं शोधायला लांब जावं लागत नाही, प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी आहे.

---

शमिका

दिल्लीचं प्रकरण कुणी लिहिलं नाही. २९ मार्च २०२०च्या पत्रकार परिषदेत मुख्यमंत्री केजरीवाल म्हणाले होते की गरीब भाडेकरूला भाडं देता आलं नाही तर सरकार देईल. मालकांनी फक्त थांबावं. नंतर त्यावर काही झालं नाही, म्हणून काही रोजंदार भाडेकरू आणि एक घरमालक न्यायालयात गेले. २२ जुलै २०२१ला उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने सांगितलं की मुख्यमंत्र्यांनी असं आश्वासन दिलं तर ते हवेत सोडता येत नाही, सहा आठवड्यांत निर्णय घ्या. सरकार अपिलात गेलं आणि सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली.

मला यात सर्वांत आवडलं ते भाडेकरूंसोबत घरमालकही अर्जदार होता हे. दोघांचं हित एकच आहे, तिसऱ्याने पैसे द्यावेत.

---

मंदाकिनी_द

अगदी! हेच मला सुरुवातीला म्हणायचं होतं, नीट मांडता आलं नाही. माझं आणि त्या मुलाचं भांडण नव्हतंच.

---

वामनराव_शके१८७०

सरकारने सगळ्यांचं भाडं भरायचं तर पैसा येणार कुठून? शेवटी करदात्याच्याच खिशातून. आणि उद्या भाडं न भरण्याची सवय लागेल त्याचं काय? केंद्राने भाड्याच्या घरांची योजना आणली होती की.

---

कायदेकानू

वामनराव काका, आणली होती. मे २०२०मध्ये जाहीर झाली, ८ जुलैला मंत्रिमंडळाने मंजूर केली. सरकारी पैशांतून बांधून रिकामी पडलेली घरं २५ वर्षांच्या कराराने चालवायला देऊन स्थलांतरितांना परवडणाऱ्या भाड्याने द्यायची, सुरुवातीला तीन लाख लोकांपर्यंत पोहोचायचं. कल्पना वाईट नाही. पण त्या मे महिन्यात ज्याचं भाडं थकलं होतं त्याला याचा काय उपयोग? आणि ती घरं रिकामी पडण्याचं एक कारण हेच होतं की ती कामाच्या ठिकाणापासून लांब होती.

सवयीबद्दल : मुद्रांक शुल्क कमी केलं तेव्हा लोकांना कमी शुल्क भरायची सवय लागेल असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

जून २०२१मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरार कायदाही मंजूर केला. त्यात निवासी जागेसाठी डिपॉझिट दोन महिन्यांपर्यंतच. आणि कराराची मुदत अशा आपत्तीच्या काळात संपली तर आपत्ती सरल्यावर आणखी एक महिना, त्याच अटींवर, भाडेकरूला राहू द्यायचं. राहू द्यायचं, पण भाडं देऊनच. थकलेल्या भाड्याला त्यातही उत्तर नाही. शिवाय तो नुसता नमुना आहे, राज्याने स्वीकारला तर लागू. महाराष्ट्र १९९९च्या कायद्यावरच चाललाय.

---

मंदाकिनी_द

कायदेकानू, आता माझ्या नव्या भाडेकरूचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. आपणच काही लिहून ठेवू शकतो का? दोघांनाही बरं पडेल असं?

---

कायदेकानू

शकता. ऑनलाइन करारात ठरलेल्या कलमांखाली इतर अटी लिहायला जागा असते. साधं लिहा : सरकारी आदेशाने भाडेकरूचं काम बंद राहिलं, तर त्या काळात भाड्याचा अमुक भाग दरमहा द्यायचा, उरलेला काम सुरू झाल्यावर इतक्या हप्त्यांत, व्याज नाही, आणि तोवर डिपॉझिटला हात लावायचा नाही. अर्धं ठेवायचं की एकतृतीयांश, ते तुमच्या मेंटेनन्सचा आणि कराचा हिशेब करून ठरवा. एजंट म्हणेल ‘असं कुणी लिहीत नाही’. लिहायला लावा.

---

खोली_नंबर_९

आणि आमच्यासारख्या कॉटवाल्यांनी हे कुठे लिहायचं? मी अजून पुण्यातच आहे, आता नोकरी करतो. खोली बदलली, पण करार आताही नाही. मालक म्हणतो करार हवा तर भाडं वाढेल.

---

कायदेकानू

भाडं रोख देऊ नका, यूपीआयने द्या, आणि शेरा लिहा : खोलीभाडं, अमुक महिना. रोखच हवे म्हणाला तर पावती मागा, ती देणं मालकाची जबाबदारी आहे. कलम ५५चा दुसरा भाग तुमच्या कामाचा आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. फक्त तुम्ही तिथे राहत होता हे दाखवता आलं पाहिजे. वर्षभराचे यूपीआयचे शेरे आणि मालकाबरोबरचं व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. आणि आधारवरचा पत्ता बदलता आला तर बघा, मालकाचं संमतीपत्र मिळालं तर.

---

खोली_नंबर_९

यूपीआयचं आजपासून करतो. संमतीपत्र मागितलं तर रविवारपर्यंत खोली मोकळी करावी लागेल.